कानाखालची बारावी रेघ

१

वहीतलं एक्केचाळिसावं पान गेलं होतं. कोणी ओढून फाडलं नव्हतं, शिवणीला लागून पात्याने कापून काढलं होतं. चाळीस होतं, बेचाळीस होतं आणि मधे नखाएवढी कागदाची पट्टी उभी होती.

"पोलिसांना कळवलं तर दुपारपर्यंत पेपरवाले दारात हजर," संग्रहालयाच्या बाई म्हणाल्या. "उद्या सकाळी उद्घाटन आहे हो काका. मास्तरांचं नाव ज्या दालनाला द्यायचं तिथेच चोरी! माझ्या तर तोंडचं पाणी पळालंय."

ज्यांना त्या काका म्हणत होत्या, त्यांना अख्खी टाकसाळ भिंगकाका म्हणायची. खोट्या नोटा ओळखण्यात त्यांची उभी हयात गेली. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी वरच्या खिशात भिंग असायचंच. 'बाबा आता त्यातून औषधाच्या बाटलीवरची तारीख तपासतात आणि बाटली खोटी ठरवतात,' अशी सुनेने चालवलेली थट्टा त्यांना मनातून आवडायची.

वही होती कोरणीमास्तरांची. टाकसाळीने स्वतःचं पहिलं नाणं पाडलं, त्याचा ठसा मास्तरांनी कोरला. पहिली नोटही त्यांच्याच हातची. त्याआधी सगळं बाहेरून बनून यायचं. ठशावर उलटं कोरलं की नाण्यावर सुलटं उमटतं. जन्मभर उलटं कोरून मास्तर रस्त्यावरच्या पाट्या वाचताना अडखळतात, असं लोक म्हणायचे. मास्तरही हसून मान डोलवायचे. नोटेवर एका बाईचा चेहरा होता. बाई मनाने रचलेली, पण कान मात्र मास्तरांच्या बायकोचा. त्या कानाखाली सावलीच्या बरोब्बर अकरा रेघा. खरी नोट ओळखायची तर आधी त्या रेघा मोजायच्या, हे मास्तरांनीच भिंगकाकांना तरुणपणी शिकवलं होतं.

टाकसाळीचा एक दंडक होता. नोट छापायच्या तांब्याच्या प्लेटला कोरणी लागली, मग ते काम नवं असो की दुरुस्तीचं, तर पहिली छाप वहीत चिकटवायची. आणि वहीतलं पान काही झालं तरी काढायचं नाही. "चुकलं तर प्लेट सुधारा," मास्तर म्हणायचे, "वही सुधारायची नाही."

काकांनी भिंग लावलं. पट्टीच्या वरच्या टोकाला पातं घसरलं होतं आणि बेचाळिसाव्या पानावर केसाएवढा ओरखडा उठला होता. खालचं टोक स्वच्छ होतं. त्यांनी सुरुवातीची यादी उघडली. मास्तर दुरुस्ती वर्षातून एकदा करायचे, फार तर दोनदा. एक्केचाळीस आणि बेचाळीस या दोन्हींपुढे 'दुरुस्ती' लिहिलेलं होतं आणि तारखांत फक्त नऊ दिवसांचं अंतर होतं.

"एवढं काय बघताय?" बाई म्हणाल्या. "चोर कोण ते कळलंय. पान कुठे दडवलंय, तेवढं तिच्याकडून काढून घ्या."

२

ती मागच्या खोलीत बसली होती. पुस्तकं शिवणारी, जुने कागद दुरुस्त करणारी. सगळे तिला बाइंडिंगवाली म्हणत. पंचेचाळिशीची बाई, हाताला सरसाचा वास, पुढ्यात अर्धवट शिवलेलं पुस्तक. काम करू नका असं सांगितलेलं असल्यामुळे तिला हातांचं काय करावं ते कळत नव्हतं.

"तुम्ही मला ओळखलं नाहीत," ती म्हणाली. "मी तुम्हाला आल्या आल्या ओळखलं. कोर्टात मी तिसऱ्या बाकावर होते, आईजवळ. तेरा वर्षांची."

काकांनी खुर्ची ओढली आणि ते तिच्यासमोर बसले.

"मी शिक्केवाल्याची मुलगी."

बत्तीस वर्षं झाली होती. बाजाराच्या कोपऱ्यावर एक शिक्केवाला बसायचा. पितळेचे शिक्के, आकड्यांचे ठसे करायचा. त्याच्याकडे नोटांची एक गड्डी सापडली. प्रत्येक नोटेवर कानाखाली बारा रेघा. दुकानात कोरण्या होत्या, तांब्याचे पत्रे होते, शाई होती. शिक्केवाला ओरडून सांगत होता, टाकसाळीला आकड्यांचे ठसे करून दिले, त्याचे पैसे टाकसाळीनेच दिलेत. त्याचं कोण ऐकणार! मास्तर साक्षीला उभे राहिले आणि म्हणाले, "बारावी रेघ माझ्या हाताची नाही." मग तरुण तपासनीस उभा राहिला. त्याचा तो पहिलाच मोठा खटला. "टाकसाळीची प्लेट मी डोळ्यांत तेल घालून तपासली आहे. तिच्यावर अकरा रेघा आहेत. या नोटा दुसऱ्या प्लेटच्या आहेत."

तो तपासनीस म्हणजे आपले भिंगकाका. त्याच साक्षीवर पुढे त्यांना बढती मिळाली.

"बाबा चौथ्या वर्षी तुरुंगातच वारले," ती म्हणाली. "आईला लोक भाडेकरू म्हणून ठेवेनात. ही नोकरी मी मुद्दाम धरली, खोटं कशाला बोलू. पण चोरीसाठी नाही. कधीतरी काहीतरी दिसेल म्हणून. आज मास्तरांच्या जावईबापूंनी बाईंना सांगितलं, ही कोणाची मुलगी ते बघा. लगेच बाई म्हणाल्या, खाण तशी माती. आता उद्घाटन झालं की मला पोलिसात देणार आहेत."

"पान तू घेतलंस?"

"मी घेऊन करू काय? माझ्या हातात ते नुसतं चोरीचं पान. वहीत होतं तर पुरावा होता." तिने पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "काका, मी मोजल्या होत्या. एक्केचाळिसाव्या पानावर कानाखाली बारा रेघा होत्या."

३

भिंगकाकांना वाटलं, ही खोटं बोलत असली तर किती बरं होईल. असं वाटल्याची त्यांना लाजही वाटली.

त्यांनी तिला एक कोरा कागद कापायला सांगितला. तिने पट्टी ठेवली, पातं वर टेकवलं आणि सरसर स्वतःकडे ओढलं. पातं खालच्या टोकाला किंचित पुढे गेलं. काकांनी कागद घडी करून खिशात घातला.

"बारा रेघांबद्दल कोणाला बोललीस?"

"बारा म्हटलं नाही. काल चारच्या चहाला विचारलं, एक्केचाळिसावं पान जरा वेगळं दिसतंय, मूळ प्लेटशी ताडून बघू का? बाई होत्या, मास्तरांच्या कन्या ताई होत्या, जावईबापू होते. बाई म्हणाल्या, उद्या बघ."

तेव्हा ऐकणारे तिघं. बाईंना अकरा काय नि बारा काय, रेघा मोजता आल्या असत्या तर चोरीआधीच मोजल्या असत्या. राहिले घरचे दोघं.

मास्तरांची मुलगी, ताई, दालनात वडिलांच्या कोरण्या मखमलीवर मांडत होती. कोरण्यांच्या लाकडी मुठी मास्तरांच्या तळव्याने झिजून एका बाजूला चपट्या झाल्या होत्या. वही तिनेच घरच्या पेटीतून आणून दिली होती.

"बाबांनी ती कधी कोणाला दाखवली नाही हो. जाळली नाही, टाकली नाही, पण दाखवलीही नाही. त्या खटल्यानंतर तर पेटीला कुलूपच."

"मास्तरांनी पुढे चेहरा कोरला नाही. का गं?"

"डोळे गेले ना त्यांचे. ते वर्षच वाईट. आधी दोन महिने तापाने अंथरुणाला खिळलेले. तेव्हा सगळं काम यांनीच सांभाळलं, वीस वर्षांचे होते फक्त, बाबांच्या हाताखाली शिकत होते. मग खटला. मग आमचं लग्न." ती हसली. "बाबा लग्नात एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, मुलगी जाते म्हणून."

काका शेजारच्या कपाटापाशी गेले. आत मास्तरांनी खटल्यानंतर सात वर्षांनी केलेलं सगळ्यांत लहान नाणं होतं. काठावर दाण्यांची माळ होती, आणि प्रत्येक दाण्यावर भिंगाशिवाय दिसणार नाही अशी चीर. डोळे गेलेल्या माणसाने हे कोरलं असेल तर आंधळ्याने सुईत दोरा ओवला म्हणायचा. मास्तरांचे डोळे शाबूत होते. ज्या हाताने बायकोचा कान कोरला तो हात पुन्हा माणसाच्या तोंडाकडे वळायला तयार नव्हता, एवढंच.

आणि मधोमध, दिव्याखाली, मानाच्या जागी नोटेची ती प्लेट होती. काका तिच्यावर वाकले आणि त्यांना ओल्या सरसाचा वास आला.

४

प्लेट लाकडी फळीवर चिकटवलेली होती. फळीला चार कोपऱ्यांत भोकं पाडलेली होती, आणि कपाटाच्या तळाशी कागदाच्या पुडीत चार स्क्रू तसेच पडून होते.

"आधी स्क्रूच लावायचे होते," बाई म्हणाल्या. "काल पाच वाजता जावईबापू म्हणाले, स्क्रूने प्लेटला इजा होईल, चिकटवलेली बरी. स्वतःच चिकटवली. मोठा माणूस, पण कामाची लाज नाही."

"इजा?" काका म्हणाले. "बाई, छापखान्यात बसवायला हिच्या चारी कोपऱ्यांत पहिल्यापासून भोकं आहेत. ही बघा."

बाईंनी पाहिलं. भोकं होती.

जावईबापू कपाटाच्या पलीकडच्या टेबलाशी नावांच्या चिठ्ठ्या कापत होते. आता ते टाकसाळीचे मुख्य कोरणीकार होते. केस पांढरे, बोटं मात्र अजून लांब आणि स्थिर. सासऱ्यांचा वारसा त्यांनी चालवला असं उद्याच्या पत्रिकेत छापलेलं होतं.

"काका, त्या बाईला फार छळू नका," ते म्हणाले. "पान दिलं तर सोडून द्या. बापाच्या नादाने वेडी झाली असेल."

"पान नाहीच दिलं तर?"

"तर एक पान कमी. मास्तरांच्या नावाला एका पानाने काय होतंय?"

बोलता बोलता त्यांनी पुढची चिठ्ठी कापली. पातं स्वतःजवळ टेकवलं आणि पुढे ढकललं, कोरणी ढकलतात तसं. वरच्या टोकाला पातं चिठ्ठीबाहेर गेलं आणि टेबलाच्या कापडावर केसाएवढी चीर उठली. तिथे आधीच्या चिठ्ठ्यांच्या तशाच चार चिरा होत्या.

हा माणूस काकांनी लहानाचा मोठा होताना पाहिला होता. याच्या मुलीच्या बारशाला ते गेले होते.

"बाई," काका म्हणाले, "बाइंडिंगवालीला बोलवा. येताना इस्त्री घेऊन ये म्हणावं."

जावईबापूंच्या हातातलं पातं खाली पडलं.

५

"अहो, उद्या उद्घाटन!" बाई म्हणत राहिल्या. "प्लेटला काही झालं तर माझी नोकरी जाईल!"

"सरस आहे, उष्णतेने सुटतो. हिचं रोजचं काम आहे ते."

बाइंडिंगवालीने प्लेटवर दुमडलेलं फडकं घातलं आणि इस्त्री टेकवली. तांबं चटकन तापलं. तिने कडेने पातळ सुरी सरकवली, पुन्हा इस्त्री, पुन्हा सुरी. ताई कोरण्या सोडून येऊन उभी राहिली. मग प्लेट सुटली आणि तिने ती कापडावर पालथी ठेवून मागचा सरस पुसून काढला.

मागची बाजू आरशासारखी सपाट होती. एका जागी सोडून. तिथे करंगळीच्या नखाएवढ्या जागेत हातोडीच्या बारीक बारीक खुणा दाटीने बसल्या होत्या.

"तांब्यावर चुकून रेघ कोरली गेली," काका सांगू लागले, "तर ती आधी खरवडायची, मग घोटून गुळगुळीत करायची. पण तिथे खळगा राहतो आणि खळग्यात शाई भरते. म्हणून प्लेट पालथी घालून तेवढीच जागा मागून ठोकायची, म्हणजे पुढचा खळगा वर येतो. पुढून काही कळत नाही. मागून कळतं."

त्यांनी मखमलीवरच्या हत्यारांतून वाकड्या टोकांचा कंपास घेतला. एक टोक पुढच्या बाजूला कानाखाली, अकराव्या रेघेच्या शेजारी टेकवलं. दुसरं टोक मागे वळवलं. ते नेमकं त्या खुणांच्या मध्यावर उतरलं.

"मास्तर आजारी होते. त्यांच्या जागी कोणीतरी झिजलेल्या रेघा पुन्हा कोरल्या आणि कानाखाली एक जास्त कोरली. नियमाप्रमाणे छाप वहीत गेली, ते एक्केचाळीस. नऊ दिवसांनी मास्तर कामावर आले, त्यांनी ती रेघ पुसली, ते बेचाळीस. बारा रेघांचे बाकीचे कागद जाळले असतील. पण मधल्या दिवसांत एक गड्डी बाहेर गेली होती. शिक्केवाल्याच्या मजुरीत. तो खरं बोलत होता." त्यांनी श्वास घेतला. "पान कापणाऱ्याने पातं पुढे ढकललंय. बाइंडर ओढतो. आणि प्लेटची पाठ लपवायची गरज फक्त त्यालाच, ज्याला पाठीवर काय आहे ते माहीत आहे."

ताई नवऱ्याकडे बघत होती. "अहो," ती म्हणाली, "सांगा ना यांना, असं काही नाही म्हणून."

जावईबापूंनी खाली पडलेलं पातं उचलून टेबलावर ठेवलं.

६

"पान जाळलं," जावईबापू म्हणाले. "काल घरी. राख झाली. ती वही शिल्लक आहे हेच मला माहीत नव्हतं. मास्तरांना वहीतलं पान काढवेना, मरेपर्यंत काढवलं नाही. मी काढलं."

ताई खुर्चीवर बसली. तिने डोळ्यांना पदर लावला नाही, काही केलं नाही, नुसती मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली. बत्तीस वर्षांचा संसार एवढ्यात कसा मोजायचा, हे तिला कळत नसावं.

"मी कबूल करायला निघालो होतो," जावईबापू म्हणाले. "मास्तरांनी थांबवलं. म्हणाले, तुझं आयुष्य जाईल, आणि माझ्या मुलीचंही. शिक्केवाला सुटेल, खोट्या छापाची प्लेट सापडलीय कुठे त्याच्याकडे?"

"सुटला नाही," बाइंडिंगवाली म्हणाली.

"नाही." ते काकांकडे वळले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता म्हणून ते जास्त लागलं. "काका, एक सांगू? साक्षीच्या सकाळी मास्तरांनी प्लेट फडक्यात गुंडाळली आणि मला म्हणाले, भिंगवाला हुशार आहे, मी शिकवलाय. तो उलटून बघणारच. त्याने विचारलं की मी सगळं सांगून टाकीन, त्याला नाही म्हणायची माझी छाती नाही. कोर्टात ते दोन तास तुमच्याकडे बघत बसले होते. तुम्ही पुढूनच बघितलंत. अकरा मोजल्यात आणि उठलात."

भिंगकाकांना ते टेबल आठवलं. हिरवं कापड, त्यावर प्लेट, समोर मास्तर. मास्तर आपल्या शिष्याकडे अभिमानाने बघतायत असं त्यांना तेव्हा वाटलं होतं, आणि त्या भरात त्यांनी भिंग मिटलं होतं. शिकवलेलं सगळं त्यांनी केलं होतं. रेघा मोजायला मास्तरांनी शिकवलं होतं, मास्तरांवर संशय घ्यायला नाही. आता हे कोणाला सांगून उपयोग नव्हता, आणि ते खरं असलं तरी पुरेसं नव्हतं.

त्यांनी कागद मागून घेतला आणि तिथेच उभ्या उभ्या लिहून काढलं. मी प्लेट तपासली असं शपथेवर सांगितलं. मी तिची एकच बाजू पाहिली होती. शिक्केवाला निर्दोष होता. खाली सही केली, तारीख घातली. बाई म्हणाल्या, हे वर पाठवावं लागेल, वरचे काय ते ठरवतील, आणि उद्घाटनाचं मात्र आता काय करायचं. पोलिसांचं नाव पुन्हा त्यांनी काढलं नाही. जावईबापू ताईला हात द्यायला गेले तेव्हा ती स्वतःच उठली आणि एकटी बाहेर गेली. थोड्या वेळाने तेही गेले.

बाइंडिंगवालीने काकांचा कागद दोनदा वाचला.

"आई असती तर तिला दाखवला असता," ती म्हणाली. "गेल्या थंडीत गेली. आता कोणाला दाखवू?"

काकांना क्षमा मागायची होती. शब्द तयार होते, पण तिच्यासमोर ते तोंडातून काढायचे म्हणजे तिच्यावर अजून एक ओझं टाकायचं.

"त्या दिवशी ही प्लेट तुमच्या पुढ्यात होती ना?"

"होती."

"हात लावला होता?"

"हो. सरळ केली होती, उजेडाकडे."

"जड आहे का हो ती?"

काकांनी मान हलवली. "नाही."

तिने पुढे होऊन प्लेट एका हाताने उचलली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली आणि कापडावर ठेवली.

"खरंच की," ती म्हणाली, आणि इस्त्री गार झाली का ते बघायला वाकली.